घोडा बुजल्याची गोष्ट

हे मी मागच्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आता माझ्यासारख्या माणसानं असं म्हणावं, म्हणजे जरा हसण्यासारखंच आहे. माझ्या पोटात काही राहत नाही, अशी आमच्या घरात पक्की समजूत आहे. किल्लीचंच घ्या. एका सकाळी आमच्या लोखंडी कपाटाची किल्ली हरवली. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पुंडलिकनगरातलं आमचं सगळं घर उलटंपालटं केलं. मी तिला ‘वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात’ या विषयावर एक छोटंसं भाषण दिलं आणि कॉलेजला निघून गेलो. तिथं मी ग्रंथपाल आहे. दिवसभर जिने चढलो-उतरलो, पुस्तकांचे गठ्ठे हलवले. संध्याकाळी घरी येऊन बूट काढला, तर किल्ली बुटात. पायमोजा रक्तानं तळव्याला चिकटलेला. आणि मला — काही म्हणजे काही कळलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या शुगरनं तळपायाची जाणीव कधी पळवली, याचा मला पत्ताच नव्हता.

ही किल्लीची गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. लोक हसतात, मीही हसतो. पण त्या किल्लीनं पाडलेल्या जखमेतून पुढं जे निघालं — ते नाही सांगितलं. ते सांगायला बसलोय, आणि बघा, तुम्हाला पुन्हा किल्लीचंच सांगत बसलो.

तर जखम भरेना. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, रुपयाच्या नाण्याएवढी. शहरातल्या एका हॉस्पिटलात तेव्हा मधुमेहाच्या पायांवर संशोधन चालू होतं. एक तरुण डॉक्टरीण ते करत होती. वयानं माझ्या मुलीएवढी, पण आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो. जखमेवरचा अंगाचा भार काढून घेतला तर ती किती लवकर भरते, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी आम्हाला गुडघ्यापर्यंतचा एक करडा, जाडजूड बूट दिला होता. पाच पट्टे, खाली होडीसारखा तळ. आंघोळ आणि झोप सोडून तो सतत पायात ठेवायचा, आणि रोज किती तास घातला ते एका वहीत लिहायचं. दर मंगळवारी मॅडम जखमेवर पारदर्शक कागद ठेवायची आणि पेनानं जखमेच्या कडेनं रेघ ओढायची. मागच्या मंगळवारचा कागद त्यावर ठेवला की दिसायचं — तळं आटत चाललंय.

मी बूट घालायचो. अगदी नेमानं घालायचो. हे लक्षात ठेवा. मी भित्रा माणूस आहे. शिवाय पट्टे सुनंदा आवळायची, आणि तिनं आवळलेला पट्टा सोडायची माझी कधी छाती झाली नाही.

त्या मंगळवारच्या बाकावर मला काशिनाथ भेटला. वेरूळचा. तीस वर्षं लेण्यांमध्ये गाइड. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तोही माझ्यासारखाच नकळत. मराठी, हिंदी, आणि फॉरेनरपुरतं इंग्रजी अशा तिन्ही भाषांत तो दगडाबद्दल बोलायचा. बसल्या जागी हातांनी हवेत हत्ती उभा करायचा. एकदा मला म्हणाला, “सर, तुमी पुस्तकांतलं सांगता, मी दगडातलं. पण माणसं हसवायला तुमाला जास्त जमतं.” खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला. कॉलेजच्या ग्रंथालयात आता कुणी फिरकत नाही. घरी सुनंदाला माझ्या सगळ्या गोष्टी पाठ. आठवड्यातून एकदा त्या बाकावर पाच-सहा माणसं मान वळवून माझ्याकडे बघायची. दुखऱ्या पायांची माणसं — पण माझीच वाट बघणारी. एवढं तरी दुसरीकडं कुठं होतं?

मग देवगाव रंगारीचं लग्न आलं. माझ्या पुतण्याचं. सगळा गोतावळा जमलेला, दारात घोडा, बँड. आणि मी? मी मांडवात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो, दुसऱ्या खुर्चीवर बुटातला पाय ठेवून. वरात निघाली. बँडचा आवाज आधी कानात, मग गल्लीत, मग वेशीपाशी. मांडवात मी, एक झोपलेली म्हातारी, आणि बुटावर टकटक करून “काका, आत कोण हाय?” विचारणारी दोन पोरं. तीन तास. कुणी येऊन बसलं नाही. का बसावं? सगळे नाचत होते.

पुढच्या मंगळवारी बाकावर सगळ्यांनी विचारलं, सर, लग्न कसं झालं?

तुम्ही काय सांगितलं असतं? खुर्चीत बसलो होतो म्हणून?

मी सांगितलं, वरातीत माझ्यानं राहवेना. बूट काढला आणि घोडेवाल्याच्या हातात दिला. अनवाणी उतरलो रस्त्यावर. तेवढ्यात घोड्यानं ते करडं धूड पाहिलं, बुजला, आणि नवरदेवाला घेऊन थेट उसात घुसला. मागं घोडेवाला, त्याच्या हातात माझा बूट, आणि त्याच्यामागं बँडवाले, तेही वाजवत! नवरदेव मिळाला तेव्हा फेट्यात उसाची पानं. नवरीनं ओळखलंच नाही. — हे सगळं तिथल्या तिथं सुचत गेलं. बाक हलत होतं हसण्यानं. ड्रेसिंग करणारे चाचा दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, “क्या सर, आपने तो हद कर दी!” आणि मग मी शेवटचा घाव घातला — आणि गंमत म्हणजे, आज मॅडमनं रेघ ओढली, तर जखम आणखी लहान!

तेवढं मात्र खरं होतं. जखम खरंच लहान झाली होती. बूट पायात होता म्हणून झाली होती.

सगळे हसले. काशिनाथ हसला नाही. मला ते दिसलं होतं — आज कबूल करायचं तर हेही करतो, मला ते तेव्हाच दिसलं होतं.

परत जाताना हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर त्यानं मला थांबवलं. खालच्या आवाजात म्हणाला, “सर, एक इचारू? हसू नका. खरंच काय झालं नाय? अनवाणी नाचलात, तरी भरत चालली?” मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढं म्हणाला, “शाळांच्या सहली चालू झाल्यात. ह्या बुटानं लेण्याच्या पायऱ्या चढता येत नाय. दोन महिने घरात बसून हाय. मॅडमला इचारावं तर त्या रागावतील. म्हून तुमाला इचारतो.”

किती शब्द लागले असते? ‘गंमत केली, काशिनाथ.’ तीन. तेवढे पुरले असते. पण चाचा मागोमाग हॉस्पिटलच्या दारापर्यंत आले होते, अजून हसत होते. दोन जण मागून येत होते. त्यांच्यासमोर मी कोण ठरणार होतो? खोटारडा ठरलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण तीन तास खुर्चीत बसलेला, ज्याच्याजवळ कुणी फिरकलं नाही असा माणूस? ते मला नको होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, “अहो, काही होत नाही. अधूनमधून काढला तर काय बिघडतं? वहीत पूर्ण तास लिहायचे. मॅडम कुठं वेरूळला बघायला येतेय?”

“तुमी म्हणता, तर मंग बरं,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी अजून —

असो.

पुढं काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. त्यानं बूट घरी ठेवला, जुन्या चपला घातल्या आणि सहलींची पोरं घेऊन दिवसभर दगडांवरून चढला-उतरला. टाचेला काही जाणवत नव्हतंच. वहीत पूर्ण तास. तीन-चार मंगळवारांनंतर मॅडमनं कागदावर कागद ठेवला, तर नवी रेघ जुन्या रेघेच्या बाहेर पडलेली. तळं वाढत होतं. ती वहीकडे बघे, पायाकडे बघे. तिला हिशेब लागेना. शेवटी तिनं मला बाजूला बोलावलं. “काका, तुम्ही दोघं बरोबर असता. ते बूट घालतात ना?”

“घालतात की,” मी म्हणालो.

तिनं ते लिहून घेतलं. तिच्या त्या संशोधनात एका पायापुढं असं लिहिलं असेल, की बूट पूर्ण वेळ घालूनही गुण आला नाही. तो पाय तिला कधीच समजणार नाही. कुठंतरी दुसरा एखादा डॉक्टर ते वाचून डोकं खाजवत असेल. त्या ओळीचा लेखक मी आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं लावत आलो. माझं स्वतःचं लिखाण काय ते एवढंच.

मग ताप. मग टाच काळी पडली. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मी भेटायला गेलो. तुम्हाला वाटेल, तिथं तरी मी बोललो असेन. मलाही तसंच वाटलं होतं. रिक्षात बसून वाक्यं जुळवली होती. वॉर्डात गेलो. चादर त्याच्या गुडघ्यापर्यंत उंच होती आणि पुढं एकदम सपाट. त्याची बायको उशाशी बसली होती. तिनं मला स्टूल दिलं. काशिनाथनं डोळे उघडले. मला बघून हसला, आणि म्हणाला, “आले सर. आता हिला ते घोड्याचं सांगा ना. मी सांगायला गेलो, पण मला तुमच्यावानी जमंना.”

आणि मी सांगितलं.

हे आहे ते. इतकी पानं फिरून मी इथंच यायला घाबरत होतो. लग्न नाही, पायऱ्या नाहीत, मॅडमही नाही. मी त्या स्टुलावर बसून, त्या सपाट चादरीशेजारी, घोड्याची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून. वर एक नवीन भर घातली, की घोड्यानं नवरदेवाचा हार खाल्ला. ती तिथंच सुचली. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. तो पोट धरून हसला, मग दुखलं म्हणून थांबला. डोळे पुसत म्हणाला, “तुमचा पाय लई नशिबाचा, सर. माझा नव्हता.” मी मान हलवली. व्हय म्हटल्यासारखी.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तो आता वेरूळला एका ओळखीच्या दुकानापुढं खुर्ची टाकून बसतो आणि बसूनच लेण्यांची माहिती सांगतो. ज्यांना घाई असते ते थांबत नाहीत. मंगळवारी कधी कधी त्याचा फोन येतो. तुमचा पाय कसा आहे, विचारतो. माझा पाय उत्तम आहे. जखमेचा वणसुद्धा धड दिसत नाही. फोन ठेवला की मी बराच वेळ खुर्चीत बसून असतो. आता मांडव नाही, बँड नाही. पण खुर्ची तीच, असं वाटतं.

आणि घोडा? घोडा आमच्या घरात पाळल्यासारखा झालाय. प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला फर्माईश होते. ज्या लग्नात तो बुजलाच नाही, त्या लग्नात हजर असलेली माणसंही आता शपथेवर सांगतात, आम्ही पाहिला. फक्त सुनंदा — मी ती गोष्ट सुरू केली की ती चहा ठेवायला उठते. मला वाटायचं, तिला कंटाळा आला असेल.

मागच्या आठवड्यात धाकट्या पुतण्याच्या लग्नाचं बोलावणं आलं. वहिनी फोनवर म्हणाल्या, “भावजी, ह्या वेळी घोडा जरा धीराचा सांगितलाय हं!” फोनच्या पलीकडे चार-पाच माणसं हसली. मी हसलो नाही. ‘येतो’ म्हणालो आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर मी नेहमीसारखा खुर्चीत बसलो, आणि सुनंदा पाटावर. तिचा हा रोजचा नेम आहे. माझं पोट आडवं येतं म्हणून मला स्वतःचा तळवा दिसत नाही. मग ती चष्मा लावून, मोबाइलचा दिवा पाडून, कापसानं पुसत माझे पाय बघते. बोटांच्या बेचक्या, टाच, अंगठ्याखालची ती जागा. चीर आहे का, फोड आहे का, लाली आहे का. किल्ली सापडली त्या दिवसापासून एक दिवस चुकलेला नाही.

माझा उजवा पाय तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर होता, तेव्हा मी सगळं सांगितलं. पायऱ्यांवरचं. मॅडमचं. स्टुलावरचं. गंमत न करता. मला असं बोलता येतं, हे मलाच माहीत नव्हतं.

बूट मी काढला नव्हता, हे तिला नव्यानं काय सांगायचं? पट्टे तिनंच तर आवळले होते. बाकीचं तिला माहीत नव्हतं. ऐकताना तिचा हात एकदा थांबला. दिव्याचा उजेड माझ्या टाचेवर तसाच स्थिर राहिला. तिनं वर पाहिलं नाही. मग पुन्हा बोटांमधून कापूस फिरवू लागली. सगळं पुसून झाल्यावर तिनं माझा पाय मांडीवरून हळूच खाली ठेवला, टॉवेलची घडी उलटली, आणि हात पुढं केला.

म्हणाली, “दुसरा पाय द्या.”