गुलाबचा डावा पाय

घरात मला तोंडाळ म्हणतात. खोटं नाही ते. आमटीत मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला बोलणारी मी, आणि पाहुण्यांसमोर काकाचं जुनं भांडण उकरून काढणारीही मीच. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आत्यानं मी दहा वर्षांची असतानाच ठरवून टाकलं होतं. तर – एक तीळ भिजलाय. चार वर्षं तसाच पडून आहे. आईला नाही, आत्याला नाही, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीला नाही. आज तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला मध्येच थांबवून ‘जाऊ दे गं, तुझा काय दोष’ असं म्हणू शकत नाही. ते मला ऐकायचंच नाहीये.

आधी हे ऐका. मी बैलाचे व्हिडिओ करायची.

हसलात ना? हसा खुशाल, सवय आहे मला. घरी नारळ-सुपारीची वाडी, अलिबागला एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग, वय तेव्हा चौतीस, लग्न नाही – आणि छंद काय, तर शर्यतीच्या बैलाचे फॅन व्हिडिओ! लोक नटांचे करतात, क्रिकेटवाल्यांचे करतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. माझं मन गुलाबवर बसलं, मी गुलाबचे केले. आई म्हणायची, वाडीवाल्यांच्या पोरी असल्या ठिकाणी जातात का? मी म्हणायची, जातात, मी जाते ना.

आमच्याकडे शर्यती समुद्रावर होतात. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते, मग हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे आणि झेंडीपर्यंत सोडायचे. गुलाब हिराजीकाकांचा. खाडीपलीकडच्या गावात त्यांची भातशेती. पांढरा बैल, कपाळावर एक तांबूस डाग, म्हणून गुलाब. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळीकडे हलगी, भोंगे, शिट्या चालल्या होत्या आणि हा बाबा समुद्राकडे तोंड करून उभा होता. जणू बाकीच्यांशी त्याचा काही संबंधच नाही. आणि सुटला तेव्हा – काय सांगू? माझ्या अंगावर काटा आला. मी बारा सेकंदांचा तुकडा घेतला, त्याला गाणंबिणं काही लावलं नाही, लाटांचा आवाज तेवढा ठेवला, आणि टाकला.

दोन दिवसांनी हिराजीकाकांचा फोन. माझा नंबर कुठून मिळवला देव जाणे. “तू केलंस काय गो ता? अगो, मना माजा बैल आज पयल्यांदा दिसला.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते, म्हणून सांगतेय.

दोन वर्षं मी हेच केलं. एका शर्यतीतून एक छोटा तुकडा. कधी त्याचे कान, कधी फक्त वाळूतले खुरांचे ठसे. पाहणारे किती? शंभर-दीडशे. मला पुरत होते. खरं सांगते, एकानंही पाहिला नसता तरी मी केला असता. तो बैल मला जसा दिसायचा तसा दाखवायचा, एवढंच होतं त्यात.

मग केतन आला. उरणकडचा पोरगा, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, हातात ड्रोन. तोही गुलाबचाच फॅन. पण त्याचे व्हिडिओ म्हणजे धडाधड! वरून समुद्र, वरून छकडे, खाली ढोल, स्क्रीनवर आगीची अक्षरं. हजारांनी बघायचे. आणि शर्यत संपून तासाभरात टाकून मोकळा. माझ्या व्हिडिओखाली लिहायचा, ‘मॅडम, उशीर झाला. चपात्या लाटत होता काय?’

मला काय झोंबलं म्हणता! वर्षभर मी त्या एका वाक्यावर जळले.

आता तुम्ही म्हणाल, बघा, स्पर्धेनं बिघडवलं हिला. थांबा. इतकं सोपं करू नका. त्याच्यामुळेच मी एडिटिंग शिकले. फोन बदलला, स्लो मोशन शिकले, पाण्याच्या कडेला गुडघ्यावर बसून अगदी खालून शूटिंग घ्यायचं मी शोधून काढलं – ते केतनच्या ड्रोनला सात जन्मांत जमलं नसतं. माझे चांगले व्हिडिओ त्याच वर्षातले आहेत. स्पर्धेला शिव्या घालून मी सुटणार नाही. मोबाइललाही नाही. मोबाइलनं काही केलं नाही, तो टेबलावर पडला होता.

फक्त एवढं झालं की सकाळी उठल्यावर मी आधी आकडे बघायला लागले, माझे आणि त्याचे. आणि शर्यतीला गेले की आधी केतन कुठे उभा आहे ते बघायची. गुलाबकडे नंतर.

त्या वर्षी शर्यतीच्या कमिटीनं जाहीर केलं की दोन रविवार शर्यत. पहिल्या रविवारी निवड, दुसऱ्या रविवारी फायनल. आणि नवीन काय, तर पहिल्या रविवारचा सगळ्यात चांगला व्हिडिओ फायनलच्या आधी मोठ्या पडद्यावर दाखवणार, करणाऱ्याला स्टेजवर बोलावून नाव घेणार. त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा. केतननं लगेच लिहिलं, ‘मॅडम, पडद्याला हार आणू की तुम्ही आणताय?’

पहिल्या रविवारी गुलाब जिंकला. मी झेंडीजवळ, वाळूच्या बाजूला, त्याच्या डाव्या अंगाला बसले होते. शेवटची पाच सेकंदं अशी मिळाली की मी तिथंच ओरडले. मागं उन्हानं चमकणारं पाणी, पायांखालून उडणारा फेस, मधोमध गुलाबचं कपाळ. तसं मी पुन्हा कधी काढलं नाही.

घरी आले. दुपारचे दोन वाजले होते. पडवीत आई सुपाऱ्या सोलत बसली होती, मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. ती पाच सेकंदं हळू करून लावली.

आणि –

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, इथपर्यंत आले की पुढचं आपोआप लिहिलं जाईल. नाही होत. चहा करून आले. ठीक आहे. लिहिते.

गुलाब लंगडत होता.

नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकंच. पण हळू केलं की स्वच्छ दिसत होतं. डावा पुढचा पाय तो वाळूवर टेकतो न टेकतो तोच उचलत होता, आणि त्या प्रत्येक वेळी मान खाली जात होती. एकदा नाही, शेवटच्या सगळ्या ढांगांना. तीन वर्षं मी त्या बैलाचे पाय बघत होते, मला चुकणं शक्य नव्हतं. तरी अकरा वेळा पाहिलं. का? खात्री करायला? छे. बारा वेळा पाहिलं की ते नाहीसं होईल, अशी आशा होती.

हिराजीकाकांचा नंबर फोनमध्ये होता. ‘काका, डावा पाय बघा’ – चार शब्द. चार शब्दांना किती वेळ लागतो? पण ते मी बोलले असते तर काकांनी गुलाबला फायनलला उतरवला नसता. त्यांना मी ओळखत होते, बैलाला ठेच लागली तरी ते स्वतः जेवायचे नाहीत. आणि जो बैल फायनललाच नाही त्याचा व्हिडिओ कमिटी कशाला दाखवेल? मग दुसऱ्या बैलाचा लागला असता, दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं असतं. हा हिशोब मी केला. शांतपणे, घड्याळाकडे बघत. मी गोंधळले होते, मला सुचलं नाही, असं काही नाही. चांगलं सुचलं.

दुसरा बरा शॉट घ्यायचा तर मिळालाही असता. पण मला तोच हवा होता. म्हणून मी त्या पाच सेकंदांचा वेग वाढवला. दोन ठिकाणी मान फारच खाली जात होती तिथं कापलं, तिथं उन्हाची झगझगीत चमक घातली, ढोल वाढवला. लंगडणं गेलं. एवढंच नाही – पाय पटकन उचलला जातो म्हणून बैल तरंगल्यासारखा दिसायला लागला. आईला बोलावून दाखवलं. ती सुपारी हातात धरून म्हणाली, “अगंबाई, किती सुंदर!” पाचाला दहा कमी असताना पाठवला.

निवड माझीच झाली. केतननं लिहिलं, ‘मॅडम, मानलं.’ त्या आठवड्यात मी काकांच्या गावावरून दोनदा गेले. दोन्ही वेळा एसटीतून उतरले नाही.

फायनलला माझा व्हिडिओ लागला, लोकांनी शिट्या मारल्या, माइकवरून माझं नाव घेतलं. मी स्टेजवर गेले, हात जोडले, हसले. स्टेजवरून छकड्यांची रांग दिसत होती. तेव्हाही उशीर झाला नव्हता, ते मला तिथं उभी असताना नीट माहीत होतं. खाली उतरून, गर्दीतून वाट काढून, पाच मिनिटांत मी काकांपर्यंत पोचले असते. मी उतरले आणि फोन काढून माझ्या जागेवर जाऊन बसले.

निम्म्या वाटेत गुलाबचा डावा पाय दुमडला. छकडा त्याच्यावर चढला. हाकणारा, काकांचा पुतण्या, बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. जोडीचा बैल ओढत राहिला, गुलाब वाळूवर फरफटत गेला. सगळी गर्दी ओरडत होती. माझा फोन चालूच होता.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ही दुखापत आजची नाही, आठ-दहा दिवसांची तरी आहे. काकांनी विचारलं, “मंग मना कसा दिसला न्हाय?” डॉक्टर म्हणाले, साधं चालताना नसेल कळलं. पळताना कुणी नीट बघितलं असतं तर कळलं असतं. मी काकांच्या मागं दोन हात अंतरावर उभी होते.

बैल जगला. पाय वाकडाच राहिला. लोक म्हणाले, आता कशाला पोसायचा? काका म्हणाले, “पगारावर ठेवला व्हता काय मी त्याला, कामावरना काढाय?” त्यानंतर शर्यतीचा बैल त्यांनी घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, “ज्याला आपल्या बैलाचा पाय दिसत न्हाय त्यानं शर्यत कराची न्हाय.” हे ते स्वतःबद्दल म्हणतात. चार वर्षं म्हणताहेत.

अजून एक आहे. बोलायला लागलेच आहे तर तेही घ्या. महिन्याभरानं केतन मोटरसायकलवरून अलिबागला ऑफिसात आला. पोराचे डोळे आत गेले होते. आपलं सगळं शूटिंग त्यानं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं, पण वरून बैलांच्या पाठी दिसतात, पाय कुठे दिसायला? म्हणाला, “तुमच्याकडे पहिल्या रविवारचं मूळ शूटिंग असेल ना? काकांना बघायचंय. कधीपासून दुखत होतं ते कळलं तर त्यांच्या जिवाला बरं वाटेल.” मी म्हटलं, “फोन भरला होता रे, उडवलं मी.” तो म्हणाला, “हां, मीपण उडवतो.” आणि गेला. चपात्यांवरून टोमणे मारणारा तो पोरगा, काकांसाठी सुट्टी टाकून तिथवर आला होता. मी, जिचं गुलाबवर सगळ्यात जास्त प्रेम होतं, तिनं ड्रॉवरला चावी लावली. मूळ शूटिंगची हार्ड डिस्क त्याच ड्रॉवरमध्ये होती. आजही आहे.

व्हिडिओ करणं मी सोडलं नाही. सोडणारही नाही. कान धरून, मोबाइल पेटीत बंद करून, ‘मी सुधारले’ असं सांगत फिरायचं असेल तर ते दुसऱ्या कुणी करावं. ते काम चांगलं होतं, मी वाईट वागले. आता पाय बघते. दोन मालकांना वेळेवर सांगितलंही, एकानं मला शिव्या घातल्या. पण तेवढ्यानं गुलाबचा पाय सरळ होत नाही. म्हणून ते इकडे जमा धरू नका.

काकांकडे मी जाते. वर्षातून चार-पाच वेळा. गोठ्यात गुलाब बसलेला असतो, उठायला त्याला वेळ लागतो. काका चहा सांगतात आणि कुणी पाहुणा बसलेला असला की फोन काढतात. माझाच व्हिडिओ. त्यांनी जपून ठेवलाय. शेवटची पाच सेकंदं आली की पाहुण्याचा हात धरतात, बोट स्क्रीनवर ठेवतात.

“ह्यो बग. डावा पाय बग, कसा उचलतंय! हीनं काढलाय. हिला दिसतं.”

पाहुणा माझ्याकडे बघतो. मी म्हणते, हो काका.