मळवलीचं गेट आणि आबांचं उत्तर

मळवलीच्या झोपाळ्याचं प्रकरण मी विसरायचं म्हटलं तरी आमच्या घरचे विसरू देत नाहीत. नोकरीत दरोडे पाहिले, घाटातले अपघात पाहिले. पण पाहुणे आले की फर्माइश होते ती झोपाळ्याचीच.

मी तेव्हा लोणावळ्याच्या बाजूला पोलीस निरीक्षक होतो. शनिवार-रविवार आमचं निम्मं ठाणं पर्यटकांच्या गाड्या हाकण्यात जायचं आणि खरं पोलीसकाम सोमवारी सुरू व्हायचं. अशाच एका सोमवारी हजेरी आटोपून चहा घेत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदार एका मॅनेजरला आत घेऊन आले. मावळातल्या बंगल्यांची देखभाल करणारी तळेगावची एक छोटी कंपनी, तिचा हा मॅनेजर. मळवलीजवळच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यातून गुरुवारी झोपाळ्याच्या पितळी कड्या चोरीला गेल्या होत्या. मालकाच्या आजीच्या वेळच्या, चांगल्या वजनदार. चोराने फळी तेवढी भिंतीला नीट टेकवून ठेवली होती.

मॅनेजर नुसती तक्रार घेऊन आला नव्हता, चोरही सोबत घेऊन आला होता. म्हणजे त्याच्या मते चोर. बंगल्याचे रखवालदार आबा टोपी हातात धरून उभे होते आणि त्यांच्या मागे त्यांची बायको, सगळ्यांची मावशी, धाप सावरत भिंतीला टेकली होती. तिला दमा होता. बंगल्यामागच्या खोलीत दोघं राहायची, आणि ती खोली आठवड्यात रिकामी करा असं कंपनीने सांगून टाकलं होतं. दुसरं घर त्यांना नव्हतं.

पुरावा म्हणून मॅनेजरने मोबाइल पुढे केला. बंगल्याचं गेट कार्डावर उघडायचं. कोणतं कार्ड कधी लागलं हे गेटमधल्या पेटीत नोंदलं जायचं. तळेगावच्या ऑफिसातला संगणक दर थोड्या वेळाने नेटवरून प्रत्येक गेटला विचारायचा, ‘मघापासून कोण आलं, कोण गेलं?’ आलेली उत्तरं एकत्र लावली जायची आणि मॅनेजरला पडद्यावर दिसायची. गुरुवारचा रकाना कोरा होता. गेट उघडलंच नाही, आत फक्त ही दोघं, म्हणजे चोर घरातलाच, असा त्याचा हिशेब.

आमचे फौजदार तरुण आणि हुशार, पण एका श्वासात तीन प्रश्न विचारायचे. आबांचा स्वभाव उलटा. प्रश्न आधी कानात जायचा, मग पोटात उतरायचा, मग कुठे तोंडाशी यायचा. तोवर फौजदार चौथ्या प्रश्नावर. शेवटी ते वैतागून म्हणाले, यांना काही सांगायचंच नाही, साहेब. मी त्यांना बंदोबस्ताचे कागद बघायला पाठवलं, आबांना खुर्ची दिली आणि एकच प्रश्न विचारला, गुरुवारी तुम्ही कुठे होता. मग चहा पीत बसलो. कप निम्मा झाल्यावर आबा बोलले.

“मी तितं नव्हतो, सायब. कार्ला फाट्याला गेल्तो. हिचं औषिद आणाया.”

मॅनेजर लगेच म्हणाला, बघा, धडधडीत खोटं. गेट न उघडता हे बाहेर गेले कसे?

प्रश्न बिनतोड होता. पण खोटं बोलणारा माणूस आपल्या फायद्याचं खोटं बोलतो, इतकं तरी नोकरीने शिकवलं होतं; गेटची नोंद समोर असताना असं सांगणं तर आबांच्याच अंगाशी येत होतं. मी हवालदाराला फाट्यावर पाठवलं. औषधाच्या दुकानदाराने हसतच जबाब दिला, आबा गुरुवारी दुपारी आले होते. आबांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत त्याची तीन गिऱ्हाइकं होतात, त्यामुळे त्यांचं येणं काही विसरण्यासारखं नसतं. म्हणजे आबा बाहेर गेले होते, आणि गेट म्हणत होतं कोणी गेलंच नाही. दोघांपैकी एक चुकत होता, आणि मला आबांवर भरवसा वाटत होता.

ही यंत्रणा बसवणारी इंजिनिअर तळेगावचीच मुलगी. दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन ठाण्यात आली. बिचारी पहिल्यांदाच पोलीस ठाण्याची पायरी चढली होती; तिला आधी पाणी दिलं. मग म्हटलं, तुमचं यंत्र जबाब कसा घेतं ते मला समजावून सांगा. तिने पडदा उघडून एकेक गोष्ट दाखवली. विचारायचं कुणाला तो पत्ता. ओळख पटवायची गुप्त किल्ली. किती वेळाने विचारायचं, आणि उत्तराची वाट किती पाहायची. ऑफिसातलं नेट जोरात, म्हणून तिने वाट पाहायला अगदी थोडे सेकंद दिले होते. मळवलीच्या त्या गेटला मात्र रेंज कधी असायची, कधी नसायची.

मला आमचे फौजदार आठवले. मी विचारलं, “उत्तर आलंच नाही, तर पडद्यावर काय दिसतं?”

“काही नाही, सर. कोरं.”

“आणि गेट दिवसभर उघडलंच नाही तर?”

 तिचा चेहरा उतरला.

“तेही कोरंच दिसतं, सर.”

गेट हळूहळू सांगत होतं, पण ऐकणारा आधीच उठून गेला होता. पुढच्या वेळी संगणक फक्त पुढचं विचारायचा. मागचं राहिलं ते राहिलंच. पेटीत मात्र सगळं शाबूत होतं. तिने माझ्यासमोरच वाट पाहायचा वेळ वाढवला आणि गुरुवारचा सगळा दिवस गेटला पुन्हा विचारला. बराच वेळ पडद्यावर काही हललं नाही. मग नोंदी आल्या. आधी आबांचं कार्ड बाहेर. त्यांच्या मागोमाग पोहण्याचा तलाव साफ करणाऱ्या माणसाचं कार्ड आत, आणि आबा परतायच्या आत बाहेर. मावशी तेव्हा मागच्या खोलीत पडून होत्या.

त्या माणसाला आणून समोर नोंद ठेवली, तसा तो बोलता झाला. तळेगावच्या भंगारवाल्याकडून कड्या पंचांसमक्ष जप्त केल्या. वितळायच्याच बाकी होत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं थोडक्यात टळलं. खोलीची नोटीस कंपनीने मुकाट्याने मागे घेतली.

कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल परत मिळाला आणि झोपाळा पुन्हा टांगला गेला, त्या दिवशी मी मुद्दाम मळवलीला गेलो. ती इंजिनिअर मुलगीही आली होती, मिठाईचा पुडा घेऊन. मावशींनी तिला चहाबरोबर तांदळाची भाकरीही खायला लावली. खाता खाता ती अवघडून म्हणाली, “आबा, तुम्हाला माझा फार राग आला असेल ना?”

मावशी नवऱ्याच्या वतीने उत्तर द्यायला निघाल्या होत्या. मी हातानेच त्यांना थांबवलं. मुलगीही गप्प राहिली. आबा झोपाळ्याकडे बघत होते.

“राग न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “भ्या वाटलं. मला आत टाकलं, तर रातीला दम लागल्यावर हिला उठवून कोन बसविल, ह्याचं.”

मावशींनी पदर डोळ्याला लावला आणि चहा गार होतोय म्हणून आबांवरच खेकसल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. 

नवे अधिकारी कधी भेटायला येतात आणि चौकशी कशी करावी असं विचारतात. मी सांगतो, प्रश्न विचारा आणि गप्प बसा. उत्तर आलं नाही आणि उत्तर ‘नाही’ असं आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना वाटतं, म्हातारा गुन्हेगारांबद्दल बोलतोय. मला मात्र मावशी दिसतात. झोपाळा टांगला त्या दिवशी आम्ही आबांसाठी थोडं थांबलो नसतो, तर त्यांना ते कधीच ऐकायला मिळालं नसतं.