आज कुठवर आलो

डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक छोटा विहार आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, तिथे रोज संध्याकाळी साडेसहाला ग्रंथवाचन होतं. त्रिशरण-पंचशील झालं की पांढरं कापड घातलेल्या चौरंगावर बुद्धांच्या धम्माचा ग्रंथ उघडतात, चार-पाच पानं वाचतात, आणि थांबताना कुठल्या पानावर थांबलो ते मोठ्याने सांगतात. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. सदतीस वर्षं हे वाचन कमलाबाईंनी केलं. त्या माझ्या समोरच्या खोलीत राहतात. वय ऐंशी.

त्यांच्याआधी त्यांचे यजमान सीताराम वाचत. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा तो माणूस. ग्रंथाची पाठ उसवली तेव्हा त्यांनी मांजरपाटाचं कापड लावून घरीच बांधणी केली. १९८८च्या ऑगस्टमध्ये ते अचानक गेले. माझ्या रोजनिशीत नोंद आहे: "२२ ऑगस्ट, सोमवार. सीतारामभाऊ पान ११२वर थांबले." त्यानंतर आठ दिवस काही नोंद नाही.

नवव्या दिवशी कमलाबाई चौरंगासमोर येऊन बसल्या. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. मुलगा धम्मपाल पहिलीत असताना त्याच्या शेजारी बसून अक्षरं गिरवली होती, एवढंच. त्यांनी पान ११२ उघडलं आणि अक्षराखाली बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. एका पानाला पाऊण तास लागला. कोणी उठलं नाही.

खरं तर त्या वर्षी वाचायला मला सांगितलं होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी घडाघडा वाचायचे. पण चारचौघांत मराठी वाचताना जोडाक्षराला अडखळायचे. म्हणून मी नाही म्हटलं. कमलाबाई माझ्याहून जास्त अडखळल्या, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत. पुढे माझे यजमान गेले, तेव्हा महिनाभर दुपारी येऊन त्या मला वाचून दाखवत. सांत्वनाचं एक वाक्य स्वतःचं बोलल्या नाहीत. त्या वाचनाने मी पुन्हा जेवायला लागले.

गेल्या वर्षी त्यांच्या नजरेचा मधला भाग अंधुक झाला. शीवच्या डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याने फरक पडणार नाही. यंदा वाचन दुसऱ्या कोणीतरी करावं असं विहारात ठरत होतं, तेवढ्यात त्यांची नात दीपिका टॅब घेऊन आली. त्यात तोच ग्रंथ होता आणि अक्षर हवं तेवढं मोठं होत होतं.

विहाराचे सेक्रेटरी राजरत्न म्हणाले, "आजी, मध्येच चार्जिंग संपलं तर?"

"तुझं डोकं मध्येच संपतं, तरी तुला सेक्रेटरी ठेवलाच ना?"

सगळे हसले, राजरत्नही हसले. चौरंगावर सीतारामांचा ग्रंथ ठेवला आणि त्यावर टॅब. १० जुलैला वाचन सुरू झालं. पानांचे आकडे मात्र आमच्या घरोघरी असलेल्या त्याच ग्रंथाच्या पुस्तकांशी जुळेनात. ऑगस्टमध्ये कमलाबाईंनी "पान दोनशे ऐंशी" म्हटल्यावर पहिल्या मजल्यावरचे रघुमामा म्हणाले, "कमलाबाय, आमचं पुस्तक अजून निम्म्यावर नाय, तुम्ही कुठं पोचलात?"

१४ ऑगस्टला वाचन सुरू झालं आणि दोन वाक्यांतच माझ्या लक्षात आलं की हे आधी वाचून झालंय. आजूबाजूलाही नजरा फिरल्या. वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही, ही आमची रीत. कोणी टोकलं नाही. कमलाबाई मध्ये एकदा थबकल्या, पुढे वाचत राहिल्या. सगळं पुन्हा एकदा वाचून झालं.

बाहेर चपला घालताना राजरत्न हलक्या आवाजात मला म्हणाले, "नलूताई, वय झालं त्यांचं. उद्यापासून स्पीकरवर रेकॉर्डिंग लावू या. त्यांना बरं वाटेल असं तुम्हीच सांगा."

मी सांगायला गेले. कमलाबाई कॉटवर बसून होत्या.

"नलू, मला वाचतानाच कळलं गं," त्या म्हणाल्या. "पण काल तीनशे दहावर थांबले होते, आज तीनशे दहाच उघडलं. पानाचा आकडा कशाला खोटं बोलेल? म्हटलं, माझंच डोकं गेलं. डोळे गेले ते चाललं. डोकं गेलं तर मी त्या चौरंगाशी बसायची नाही."

मी घरी येऊन रोजनिशी काढली. रोज जिथून वाचन सुरू होतं ते पहिलं वाक्य मी लिहून ठेवते, जुनी सवय. आजचं वाक्य ९ ऑगस्टच्या नोंदीत सापडलं. आकडा वेगळा, वाक्य तेच. मी वही घेऊन परत गेले. दीपिका कामावरून आली होती.

"दीपिका, या टॅबला तू काही केलंस का?"

"काही नाही. सकाळी आजीला त्रास होत होता, म्हणून अक्षर अजून थोडं मोठं केलं." एवढं बोलून तिने टॅबकडे पाहिलं. "अक्षर मोठं झालं की पानं वाढतात. म्हणजे कालचं तीनशे दहा आज तीनशे दहा नाही. आजी, चूक माझी."

कमलाबाईंनी टॅबवर हात ठेवला. म्हणाल्या, "सीतारामांचं एकशे बारा अजून एकशे बाराच आहे." त्यात तक्रार नव्हती. पुढे म्हणाल्या, "मग पान सांगायचंच नाही. शेवटचं वाक्य सांगायचं."

दुसऱ्या दिवशी राजरत्नांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पीकरची वायर स्वतः गुंडाळली. त्या संध्याकाळी थांबताना कमलाबाईंनी शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं. ते शोधायला लोकांनी घरातून आपापली पुस्तकं आणून उघडली. कित्येक घरांतली पुस्तकं वर्षानुवर्षं फक्त फुलं वाहण्यापुरती होती. आता शोधता शोधता माणसं मागची-पुढची पानं वाचत बसू लागली. रघुमामा सहावी शिकलेले. रोज सर्वांत शेवटी त्यांना वाक्य सापडायचं, आणि ते सापडेपर्यंत कोणी उठायचं नाही.

आश्विन पौर्णिमेला कमलाबाईंनी ग्रंथ पूर्ण केला. आवाज बसला होता, तरी शेवटचं वाक्य दोनदा म्हटलं. रघुमामांनी त्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. सगळ्यांनी तीनदा 'साधु' म्हणून साधुकार केला, खीर वाटली. सीतारामांचा ग्रंथ रिवाजाप्रमाणे पांढऱ्या कापडात बांधून कपाटात ठेवला.

राजरत्न टॅब हातात घेऊन उभे होते. "आजी, हे कुठे ठेवू?"

"घरी दे," कमलाबाई म्हणाल्या. "उद्या मला वाचायला लागेल."