तारेचं दुसरं टोक

त्या बांगडीवाल्यानं मला फसवलं. पुण्याच्या फिल्म-एजंटानं नाही, जागेच्या मालकानं नाही, माझ्या ऑपरेटरनंही नाही. त्यांनी आपापल्या परीनं प्रयत्न केले, पण ते मला पुरे पडले नाहीत. मला फसवलं ते ह्या कासारानं. माझ्याच तंबूत, माझ्याच खोक्यावर उभं राहून, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर.

त्या वर्षांत तुम्ही चिंचवड-कासारवाडीच्या बाजूला राहत असाल, तर त्याला पाहिला असेलच. बोलताना तो उजव्या हातानं स्वतःच्या डाव्या हाताची बोटं गोळा करायचा, अंगठा आत दुमडायचा आणि हलके हलके दाबत राहायचा. जणू समोर कुणाचा तरी हात आहे आणि त्यात बांगडी भरायची आहे. रेल्वे फाटकापाशी थांबून पाऊसपाण्याच्या गप्पा मारतानाही हेच. आणि तोंडात एकच: "दमा जरा. हात सैल सोडा. आपसूक चढंल."

बायकांना तो हे म्हणायचा त्यात नवल नाही. ताठ हातात बांगडी चढत नाही. पण तो हे अडून बसलेल्या टांगेवाल्याला म्हणायचा, तिकिटाच्या खिडकीशी धक्काबुक्की करणाऱ्या पोरांना म्हणायचा, आणि मी कुणावर ओरडत असलो की मलाही म्हणायचा. माझा राग त्यामुळे दुप्पट व्हायचा.

मी भंगारातून वर आलेला माणूस. लढाई संपल्यावर देहूरोडला मिलिटरीच्या जुन्या सामानाचे लिलाव व्हायचे. तिथं दोर, खांब, पत्र्याचे डबे घ्यायचे आणि गावोगाव विकायचे, ह्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तंबूही मी तिथलाच उचलला. बोली चढायला लागली तशी मी सोबत्याला मोठ्यानं म्हणालो, "उंदरांनी आतून चाळण केलीय राव, घेणारा मरणार." समोरचा व्यापारी मागं सरला आणि तंबू माझा झाला. अशा माणसाला सहजासहजी कुणी फसवत नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

चिंचवड स्टेशनाजवळच्या माळावर मी तो तंबू ठोकला. मागं तेलाचं इंजिन, मध्ये सिनेमाचं मशीन, पुढं पडदा. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मध्ये कनात. मशीन एकच होतं. त्यामुळे एक रीळ संपलं की दिवा लागायचा, ऑपरेटर दुसरं चढवायचा आणि तेवढा वेळ तंबूत बाजार भरायचा. शिट्ट्या, विड्या, जागेवरून भांडणं. माझी निम्मी बाकं त्या मधल्या वेळात मोडली.

कासार माझ्याकडं आला तो सौदा करायला. "शेठ, बाया तंबूत येत न्हाईत तुमच्या. घरोघर माझं जाणंयेणं हाय. मी आणतो. मला तेवढं आत सोडत जावा." मला सौदा पसंत पडला. बायका खरोखरच आल्या. तो कनातीच्या टोकाशी, दोन्हीकडचं दिसेल असा उभा राहायचा.

एकदा रीळ बदलताना पुढच्या बाकांवर मारामारी जुंपली. हा कासार रिकाम्या खोक्यावर चढला, बोटं दाबायला लागला आणि म्हणाला, "दमा जरा. त्या पोरीनं दार का लावून घेतलं, कुणाच्या ध्यानात आलं का?" मारामारी थांबली. त्यानं दाराची गोष्ट सांगितली, पडद्यावर नव्हती तेवढी सांगितली, आणि दिवा विझला तसा अर्ध्या वाक्यात खाली उतरला. तेव्हापासून ते खोकं त्याचंच झालं. मी चालू दिलं. बाकं वाचत होती.

मग तो मुखवटेवाल्याचा सिनेमा आला. काळा मुखवटा, पाठीवर काळं फडकं, गच्चीवरून उडी मारायची आणि सरळ उडत जाऊन चोराच्या मानगुटीवर उतरायचं. असं आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. एजंट देईना. मी त्याच्या पायरीवर जेवणाचा डबा उघडून बसलो आणि सिनेमा घेऊनच उठलो. टांग्याला दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या पाट्या लावून मी स्वतः भोंगा घेऊन आकुर्डीपर्यंत फिरलो.

पहिल्याच खेळाला तंबू फाटेल एवढी गर्दी. औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावरची पोरं पुढं, गावठाणातली शेतकरी मंडळी मागं, कडेला शाळेचे मास्तर. उडण्याचं रीळ लागलं. मुखवटेवाला गच्चीवरून सुटला, आणि त्याच्या पाठीतून सरळ वर, पडद्याच्या माथ्यापर्यंत, एक पांढरी बारीक रेघ दिसली.

"तार! तार!" पुढून पोरं ओरडली. "बांधलाय त्याला!"

हशा झाला. कुणीतरी चप्पल भिरकावली. मागून एक म्हातारा म्हणाला, "ह्यापरीस मदाऱ्याचं माकड बरं, दोर दिसतो तरी लाजत न्हाई." रीळ संपलं, दिवा लागला तशी अर्धी माणसं उठायला लागली. मी तिकिटाच्या पेटीवर हात ठेवून उभा होतो. सगळं गेलं असं मला वाटलं.

कासार खोक्यावर चढला. "दमा जरा. तार दिसली न्हवं?"

"दिसली!"

"समद्यांस्नी दिसली?"

"व्हय, व्हय!"

"मंग दुसरं टोक कुणाच्या हातात हाय, ते इचारा की."

उठणारे तिथंच थबकले. त्यानं बोटं गोळा केली. "त्याची आय हाय वर. गच्चीच्या वरल्या गच्चीवर. पोरगं उडतंय, लोकं टाळ्या वाजवत्यात. त्याला वाटतंय, आपुनच उडतुया. अन् ती तिथं तार धरून उभी हाय. हाताला गुंडाळलीया. सोडली तर पोरगं खाली."

कनातीपलीकडून एका बाईनं विचारलं, "मामा, तिच्या हातात बांगड्या हायत का?"

त्यानं कनातीकडं मान वळवली. "दोन्ही हात तारंला गं बाई. बघायला सवड कुणाला?"

दिवा विझला. उठलेली माणसं बसली. पुढच्या रिळात मुखवटेवाला पुन्हा उडाला तेव्हा कुणी त्याच्याकडं पाहत नव्हतं. सगळ्यांच्या माना वर, रेघ जिथं पडद्याबाहेर जाते तिथं.

गावात दोन तट पडले. पोरं म्हणायची, उडतो तो खरा. आईबिई काही नाही. बायका आणि म्हातारे म्हणायचे, आई आहे म्हणून तर तो उडतो. मास्तर दोन्हीकडं नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "उडायची गरज काय? चालत जाऊन चोर धरावा. मुलांना चुकीची सवय लागते." आणि एवढं बोलून ते पुन्हा तिकीट काढायचे. पिठाच्या गिरणीपाशी, पाणवठ्यावर, न्हाव्याच्या दुकानात हीच भांडणं. माझा सिनेमा गाजत होता आणि त्यात माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. "कासारमामाचा शिनेमा" असं लोक म्हणायला लागले. पायरीवर कोण बसलं होतं? भोंगा घेऊन कोण फिरलं होतं?

मी त्याला दिवसाउजेडी गाठला. मशीनपाशी नेऊन रीळ उलगडून दाखवलं. "हे बघ. तार नाही ही. फिल्म घासून चरा पडलाय. जुनी कॉपी गळ्यात मारली त्या एजंटानं."

त्यानं रीळ उजेडाकडं धरलं, चऱ्यावरून नख फिरवलं. "ठावं हाय मला, शेठ. पयल्याच दिशी कळलं."

"मग लोकांना खोटं का सांगतोस?"

"रेघ म्हटली की संपलं. तार म्हटली की वर कुणीतरी असतं."

रीळ त्याच्या हातातून काढून घेत मी म्हणालो, "तुझी ती आई मी उद्याच घालवतो."

तो हसला. "हात सैल सोडा, शेठ."

मी पुण्याला गेलो. एजंटाशी असा भांडलो की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात जमली. पण नवीकोरी कॉपी घेऊन आलो. एक चरा नाही, एक डाग नाही. मुखवटेवाला असा उडत होता की माझेही डोळे दिपले. मला वाटलं, आता कळेल लोकांना सिनेमा कुणी आणलाय ते.

उडण्याचं रीळ निम्मं झालं आणि तंबूत आरोळी उठली. "तार कुठाय?"

"तार कापली!"

"शेठनं म्हातारीला काढून टाकली!"

मी पुढं जाऊन ओरडलो, "अरे, हा नवा आहे! चांगला आहे! आता तो खराखुरा उडतोय!" कुणी ऐकेना. जी पोरं तार दिसते म्हणून हसत होती, तीच आता तार नाही म्हणून बाकं आपटत होती. मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आधीचंच लावा. निदान त्यात काही धरबंध होता." शेवटी कासारानं खोक्यावर चढून सगळ्यांना बसवलं, म्हणाला, "आज आभाळ आलंय, म्हणून तार दिसंना. ती हाय तिथंच." लोकांनी मानलं. दुसऱ्या दिवशी मी नवी कॉपी परत केली आणि चरा पडलेली मागून आणली. एजंटाचं ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण घरातही तेच.

माझी बायको कधी तंबूत आली नव्हती. ह्या तंबूपायी मी तिच्या भावांशी वाकडं घेतलं, आकुर्डीची चांगली दुकानाची जागा सोडली, तरी ती म्हणायची, "दिव्यावर सावल्या नाचवायच्या, त्यात काय बघायचं?" एकदा कासार आमच्या दारी बसून तिला बांगड्या भरत होता. मी आत हिशेबाला बसलो होतो. बांगड्या भरून झाल्या, तिनं रीतीप्रमाणे त्याला नमस्कार केला, तरी तो उठेना. तार कशी हातात रुतते ते सांगत बसला. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा तंबूत आली. कनातीच्या कडेला बसली. सिनेमा चालू असताना ती पदराशी चाळा करत होती. दिवा लागला, हा खोक्यावर चढला, आणि ती पुढं सरकून बसली. मी ते मशीनजवळून पाहिलं.

जेवताना म्हणाली, "अहो, ती दमत नसेल का हो?"

"कोण?"

"ती वरची."

"वर कुणी नाही. चरा आहे तो."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी भाकरी ठेवून उठलो. मी आणलेलं काही तिला इतकं लागलं नव्हतं. लुगडं नाही, दागिना नाही, काही नाही.

सिनेमाचा शेवट असा होता: मुखवटेवाला मुखवटा काढतो, लग्न करतो, आणि वाड्याच्या दारातून आत जातो. दार लागतं. संपलं. शेवटच्या खेळाला दार लागलं तरी कुणी उठेना. कनातीपलीकडून माझ्याच घरचा आवाज आला. तो मी गर्दीतही ओळखला.

"मामा, तिचं काय झालं? पोरगा खाली उतरला, मग तिनं तार सोडली का?"

कासार खोक्यावर चढला. बोटं गोळा केली, अंगठा आत घेतला. बराच वेळ नुसताच दाबत राहिला. मग म्हणाला, "सांगतो की. पुढल्या बाजाराला."

पुढल्या बाजाराला तो आला नाही. त्याच्या नंतरच्याही नाही. कुणी म्हणालं, लेकीकडं गेला. कुणी म्हणालं, प्लास्टिकच्या बांगड्या आल्या, धंदा बसला, म्हणून खेडच्या अंगाला सरकला. चाकणच्या बाजारात कांद्याच्या वखारीजवळ दुसरा एक तंबू लागायचा. तिथं तो खोक्यावर उभा राहतो असं ऐकल्यावर माझं टाळकं फिरलं. माझ्या सिनेमातली म्हातारी, आणि तिचा शेवट चाकणवाल्यांना? मी तडक गेलो. तिथला मालक हात जोडून म्हणाला, "व्हता ना. लई भारी माणूस. आमालाबी तारंवाली सांगितली, अन् पुढल्या बाजाराला शेवट सांगतो म्हणून गेला." आम्ही दोघे, एका धंद्यातले वैरी, एकाच बाकावर बसून चहा प्यालो.

परत आल्यावर मी एकदा स्वतः खोक्यावर चढलो. रीळ बदलत होतं, तंबू वाट पाहत होता. मी म्हणालो, "तर ती आई..." पुढचं सुचेना. मागून कुणीतरी, चेष्टेनं नाही, अगदी समजुतीनं म्हणालं, "बसा शेठ. दमलाव."

खोकं अजून कनातीच्या टोकाशी आहे. ऑपरेटर त्यावर काही ठेवत नाही. दिवा लागला की सगळं पब्लिक सवयीनं तिकडं मान वळवतं आणि मग आपापल्या विड्या पेटवतं. घरी भाकरी वाढताना बायको अजून मधेच थांबते. काय विचारणार ते मला माहीत असतं, आणि माझ्याजवळ उत्तर नसतं, हे तिलाही माहीत असतं.

म्हणून तुम्हाला सांगतो. खांद्यावर बांगड्या, बोलताना स्वतःचीच बोटं दाबणारा असा कुणी तुमच्या दारी बसला, तर त्याला उठू देऊ नका. हात सैल सोडा म्हणाला तर सोडू नका, घट्ट धरा. आणि माझ्या नावानं जाब विचारा. अर्ध्यात टाकून जाण्याचा हक्क तुला कुणी दिला? ती अजून वर उभी आहे की नाही? तार तिनं सोडली की नाही? सांग म्हणावं. माझ्या घरी एक बाई खोळंबली आहे.