बाळंतपणाचं पिंप

आमच्या धुळ्यात नळ आठ दिवसांनी येतो. उन्हाळ्यात कधी दहावा दिवसही उजाडतो. त्यामुळे आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात माणसं चार आणि पिंपं सात. स्वयंपाकघरात तीन, मोरीपाशी दोन, पलंगाच्या पायथ्याशी एक. पाहुणा आला की त्याला आधी अंग चोरून बसायला शिकावं लागतं.

सातवं पिंप जिन्याखाली होतं, ते नणंदेसाठी. तिला पिंपळनेरला दिली होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. बाळंतिणीला सव्वा महिना रोज कढत पाण्याची अंघोळ, शिवाय बाळाची दुपटी. पाणी काय थोडं लागतं? सासूबाईंनी तेव्हापासूनच ते पिंप काठोकाठ भरून ठेवलं. "याले कोनी हात लावू नका," असा हुकूम सुटला. त्यावर जुनं लुगडं मी बांधलं. एका बाजूला दोन बोटं फट राहत होती. ती मला दिसत होती, पण मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय.

महिन्याभराने घरोघर पिंपं तपासणारी ताई आमच्या गल्लीत आली. तिचा आवाज ऐकताच मी जिन्याखाली पिंपापुढे गोधड्यांचा ढीग रचला. ताईने टॉर्च मारून सहाही पिंपं पाहिली. मोरीजवळच्या एकात अळ्या वळवळत होत्या. ते तिने ओतायला लावलं. नळाला अजून तीन दिवस होते. सासूबाईंचा जीव नुसता तळमळला.

"आठ दिनमा पानी येस, नि हाई बाई सांगस फेकी द्या!"

ताई चिडली नाही. "आजी, घरात दोनजीवाची पोर आहे म्हणून सांगते. आणखी कुठे साठवलंय का?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही हो ताई, एवढंच." ताईने वहीत लिहिलं, दारावर खडूने खूण केली आणि गेली. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं. एक पिंप वाचवलं होतं ना मी!

पुढच्या आठवड्यात नणंदेला ताप आला. ऊन लागलं म्हणून आम्ही तिच्या तळपायांना कांदा चोळला. यात दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दवाखान्यात डेंग्यू निघाला. रक्ताच्या पिशव्यांसाठी माझा नवरा जळगावपर्यंत पळाला. ती वाचली. मूल पोटातच गेलं. मुलगी होती.

नणंदेचे कपडे दवाखान्यात न्यायला मी घरी आले तेव्हा आधी गोधड्या बाजूला केल्या. लुगडं सोडलं तर तोंडावर डास उठले. आत अळ्याच अळ्या. दार लावून मी ते सगळं पाणी एकटीने मोरीत ओतलं, पिंप घासलं आणि पालथं घातलं. सासूबाईंनी पालथं पिंप पाहिलं, पण विचारलं काही नाही. मीही सांगितलं नाही. आम्हा दोघींचं एरवी एकाही गोष्टीवर एकमत होत नाही.

दोन आठवड्यांनी पिंपळनेरहून नणंदेची सासू भेटायला आली. पोर भिंतीला टेकून बसली होती, छातीला दुधाचा ताठा आलेला, त्यावर घट्ट फडकं बांधलेलं. तिच्यासमोरच ती बाई सासूबाईंना म्हणाली, "तुमनी पोरनं आंगच कच्चं शे. आमना घरमा आसं कधी व्हयनं नही."

सासूबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. ती बाई हातपाय धुवायला मोरीकडे गेली, तेव्हा नणंदेने माझा पदर धरला. सासरी परत जायचं होतं तिला, तेही हिच्या अंगात मूल टिकत नाही हा शिक्का घेऊन.

"वहिनी, खरं सांग. मनंच आंग कच्चं शे का वं?"

एवढं सोपं विचारलं होतं तिने. मी तिच्या हातात चहाचा कप दिला.

"असतं एकेकीचं," मी म्हणाले.