रस्त्याची उजवी बाजू

शनिवारी संध्याकाळी मालकाची व्हॅन गावातून मजुरांना परत घेऊन आली. होप्टन ब्रिसेटने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सायकलच्या दिव्याचं एक खोकं ठेवलं. चुलीपाशी एव्हराल्ड कणकेचे गोळे उकळत्या पाण्यात सोडत होता. त्याने मागे न बघताच विचारलं, "कितवा?"

"चौथा."

"नाताळ अजून तीन महिने लांब आहे गड्या. आत्तापासून रोषणाई?"

होप्टनने खोकं बाजूला सरकवलं. खुर्चीवर बसून त्याने बूट काढले. बूट काढायला त्याला हल्ली दोन दम लागत. वय एकोणसाठ. जमैकातल्या मँचेस्टर परगण्याच्या डोंगरातून कॅनडाच्या या तंबाखूच्या शेतावर येण्याचं हे त्याचं चोविसावं वर्ष. पहिली सोळा वर्षं त्याने वाकून पानं खुडली. मग मालकाच्या, गेरार्ड व्हर्मिशच्या लक्षात आलं, की पान पिवळं किती झालं आणि उष्णता कधी वाढवायची हे या माणसाला नुसत्या वासावरून कळतं. तेव्हापासून पानं वाळवायच्या भट्ट्या होप्टनकडे आल्या. एव्हराल्ड पिनॉक मात्र अजून खुडणीतच होता. दोघं अकरा वर्षं एका खोलीत राहत होते, आणि एव्हराल्डच्या मते हे काम म्हणजे नशिबाने दिलेली खुर्ची होती.

त्या खुर्चीपर्यंत पोचायला साडेतीन किलोमीटर रस्ता होता. मजुरांचं घर एका टोकाला, भट्ट्या दुसऱ्या टोकाला. मधे मका, जिनसेंग या औषधी मुळांच्या वाफ्यांवर घातलेली काळी छपरं आणि दोन्ही बाजूंना खोल चर. दिव्याचा एकही खांब नाही. रात्री आठला एक फेरी आणि पहाटे चारला दुसरी. ऑगस्टमध्ये आठला उजेड असतो. सप्टेंबर निम्मा सरला की आठ म्हणजे मिट्ट काळोख.

पहिला दिवा त्याने सगळं काही दोन डॉलरला मिळणाऱ्या दुकानातून घेतला होता. त्याचा उजेड स्वतःच्या चाकापर्यंतही पोचत नव्हता. दुसरा चार्ज करायचा होता, पण खोलीत सहा माणसांना दोन प्लग. रात्रभर चार्जिंगला लावून पहाटे पाहावं, तर कुणीतरी दिवा काढून आपला फोन लावलेला. तिसरा कपाळावर बांधायचा. तो घामाने घसरून नाकावर यायचा. आणि आता हा चौथा, पंचेचाळीस डॉलरचा. खोक्यावर उजेडाचा ठळक आकडा होता, हजार ल्युमेन.

"जेवून घे," एव्हराल्ड म्हणाला, "नाहीतर दिवाच खा. महागाचा आहे, चवीला बरा असेल."

खारा मासा आणि गोळे पोटात गेल्यावर होप्टन म्हणाला, "जरा मागे ये. बघायचाय कसा पडतो ते."

घरामागच्या कापलेल्या शेतात त्याने सायकल उभी केली, दिवा लावला आणि एव्हराल्डला चाळीस पावलं लांब जायला सांगितलं. दिवा खरंच जोरदार होता. शेतातला एकेक बुडखा दिसत होता.

"दिसतोय का मी?" एव्हराल्ड ओरडला.

"दिसतोयस. पोट आधी दिसतंय."

"मग आता माझा बघ!" असं म्हणून एव्हराल्डने चेष्टेने आपल्या हातातली बॅटरी होप्टनच्या तोंडावर मारली.

आणि होप्टनपुढचं सगळं शेत गेलं. एव्हराल्ड गेला, बुडखे गेले, सायकलचं हँडल गेलं. डोळ्यांपुढे कुणी दुधाचा हंडा ओतावा तसं नुसतं पांढरं. मंगळवारी असंच झालं होतं. समोरून मक्याचा ट्रक आला, रस्ता पांढरा झाला आणि तो सायकलसकट चरात गेला. घरी येऊन सांगितलं, खडीवरून चाक घसरलं.

आता तो चाचपत हँडल शोधू लागला, पण ते सापडायच्या आत सायकल आडवी झाली.

एव्हराल्ड धावत आला. सायकल उचलली. मग होप्टनच्या तोंडाकडे बघत राहिला. "मंगळवारीपण खडी नव्हती तर."

"आईला होतं," होप्टन म्हणाला. "मोतीबिंदू. दिवसा काही नाही. समोरून उजेड आला की संपलं."

"आणि तू दिवे विकत घेत फिरतोयस? तुला डॉक्टर पाहिजे, शहाण्या!"

"डॉक्टरकडे गेलो की कागद होतो. कागद बॉसच्या हातात जातो. महिनाअखेरीला तो पुढच्या वर्षीची यादी भरणार. आंधळ्या माणसाला भट्टी कोण देईल? आणि भट्टी गेली तर एव्ह, मी खुडणीला वाकू शकत नाही रे. खरंच नाही. जानेवारीत घरी मँडव्हिलला शस्त्रक्रिया करून घेतो. एप्रिलला नवे डोळे घेऊन येतो. यादी भरेपर्यंतचे दोन आठवडे फक्त कुणाला कळायला नको."

एव्हराल्ड चिडला होता. "रविवारी चर्चला जाताना मी तुझ्या मागे सायकल चालवतो. तुझ्या भरवशावर! मला तरी सांगायचंस." त्याने सायकलचा दिवा विझवला. मग म्हणाला, "तू सायकल कुठल्या बाजूने चालवतोस?"

"कुठल्या म्हणजे? डाव्या. आपण सगळेच."

घरी जमैकात गाड्या डावीकडून चालतात, इथे उजवीकडून. पण सायकलीवर बसलं की पाय आपोआप डावीकडे वळत. शिवाय सगळ्यांचं म्हणणं एकच, की आपल्याला मारायला येणारी गाडी निदान समोर दिसावी. व्हर्मिशने अनेकदा हटकलं होतं. सगळे 'हो बॉस' म्हणत आणि डावीकडून जात.

"म्हणजे प्रत्येक गाडीचे दिवे थेट तुझ्या डोळ्यांत," एव्हराल्ड म्हणाला. "हजार काय, लाखाचा दिवा आण. तुझ्या दिव्याचं काही चुकत नाहीये. तू तोंड नको तिकडे केलंयस. उजवीकडून चालव."

"आणि मागून गाडी आली तर?"

"मागे लाल दिवा लाव."

"मला दिसणार नाही ती."

"नाही दिसणार. तिला तू दिसायला हवास."

होप्टनला हे पटलं नाही. चोवीस वर्षं ज्या रस्त्यावर नजर रोखून चाललो, तिथे आता कुणा अनोळखी माणसाला पाठ द्यायची? तो आठवडाभर सायकल हाताने ढकलत भट्टीपर्यंत चालत गेला. एका वेळी जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. गाडी दिसली की थांबायचं, डोळे मिटून कडेच्या गवतात उभं राहायचं. पहाटेची फेरी गाठायला तीनला उठायचं. गुरुवारी तो भट्टीच्या दाराशी उकिडवा बसला तसाच झोपला, आणि उष्णता वाढवायला वीस मिनिटं उशीर झाला. पानांचं काही बिघडलं नाही, पण तो घाबरला.

पुढच्या शनिवारी तो पावती घेऊन दुकानात गेला. एव्हराल्ड बरोबर होता. काउंटरवरच्या बाईने मोठा दिवा उलटसुलट करून पाहिला. "चालत नाही का?"

"चालतो," होप्टन म्हणाला. "फार चालतो."

परत मिळालेल्या पैशांत काय बसतं ते दोघं भिंतीपाशी उभे राहून बघू लागले. एव्हराल्ड प्रत्येक लाल दिवा लावायचा आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वळून बघायचा. लुकलुकणारे स्वस्त होते आणि दिसायलाही मजेदार.

"हा घे, नाचतो बघ."

"नको. लुकलुकणारा दिवा किती लांब आहे ते कळत नाही," होप्टन म्हणाला. "भट्टीच्या धोक्याच्या दिव्याचा माझा रोजचा अनुभव आहे. स्थिर जळणारा बघ."

शेवटी साध्या बोटाएवढ्या सेलवर चालणारा, स्थिर जळणारा लाल दिवा मिळाला, चौदा डॉलरला. सेलवरचा असल्याने प्लगची भांडणं नाहीत. पुढे लावायला अठरा डॉलरचा, आकड्याने पाचवा हिस्साही नसलेला. सोबत पायांना बांधायच्या चमकत्या पट्ट्या. बाई म्हणाली, "पुढचा जरा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही."

"तेच तर," एव्हराल्ड म्हणाला. "समोरचे असा विचार करत नाहीत म्हणून तर आलोय."

त्या रात्री आठला होप्टन फाटकाशी उभा राहिला आणि बळेच उजवीकडे वळला. पहिला किलोमीटर रस्त्यावर कुणी नव्हतं. पुढचा दिवा चाकापुढे चार हात उजेड टाकत होता, त्यात कडेची पांढरी रेघ दिसत होती. मग मागून आवाज आला. त्याची मान आखडली, खांदे कानांपर्यंत गेले. वळून बघायचं नाही, असं तो स्वतःला बजावत राहिला. आवाज जवळ आला. आणि एकदम रस्ता उजळला. उजेड त्याच्या पाठीवरून पुढे गेला होता. रेघ, खडी, चराचं गवत, पार पुढच्या वळणापर्यंत सगळं स्वच्छ, आणि मधोमध त्याचीच लांब सावली पायडल मारत होती. गाडी वेग कमी करून, बरंच अंतर ठेवून बाजूने गेली.

ती व्हर्मिशची होती. होप्टन पोचला तेव्हा मालक भट्टीपाशी टेकून उभा होता.

"होप, चर्चच्या वळणावरून दिसत होता तुझा लाल दिवा. म्हटलं कोण आहे हा, एवढा नियमाने चालणारा?" तो हसला. "चोवीस वर्षं सांगतोय मी."

"वेळ लागला बॉस."

दोघांनी भट्टी उघडली. होप्टनने पान हातात घेतलं, देठ वाकवून पाहिला, वास घेतला. "उद्या सकाळी वाढवू. आत्ता नको."

व्हर्मिशने मान डोलावली. "यादी भरतोय या आठवड्यात. तुझं नाव वर आहे. आणि ऐक, पुढच्या वर्षी मी शेजारच्या रस्त्यावरचं शेत घेतोय. तिथे सहा भट्ट्या आहेत. त्याही तूच बघ. चारेक किलोमीटर पडेल इथून. आता तुझ्याकडे चांगला दिवा आहे, जमेल ना?"

यादीतल्या नावाच्या ज्या वाक्याची आठवडाभर वाट पाहिली, ते आलं होतं, पण सोबत नव्या भट्ट्याही आल्या होत्या. होप्टनने मनाशी बेरीज केली. साडेतीन आणि चार, जाऊन येऊन, दोन वेळा. म्हणजे अंधारात रोज तीस किलोमीटर.

"जमेल बॉस," तो म्हणाला.

मालकाची गाडी निघून गेली. होप्टनने भट्टीचं दार नीट लावलं, उष्णतेचा आकडा डोळे बारीक करून दोनदा वाचला. मग सायकलवर बसला आणि रस्त्याच्या उजव्या बाजूला लागला. मागून दुसरं कुणी आलं नाही. पुढच्या चार हात उजेडात जेवढी रेघ दिसेल, तेवढ्याच वेगाने तो घराकडे निघाला.