न घेतलेलं औषध

सोरायसिस झाल्यापासून हळदीकुंकवाला बायका माझ्या हातचं वाण घेताना पदर आवरून घ्यायच्या. अंगभर खवले, झटकलेल्या चादरीतून भुसा पडावा तशी कातडी पडायची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मुलाची आशा सुटली होती. दर मंगळवारी कोराडीला जगदंबेपुढे मी एवढंच मागायचे, 'आई, माझी कातडी बरी कर.' पुढेपुढे तेही कोरड्या मनानेच. ती ऐकते की नाही, असा संशय यायचा.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सदर भागातल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक नवं औषध निघालं आहे, त्याने कातडीची ही बेसुमार वाढ आवरते. काही प्रकारच्या गाठींवरही ते वापरून पाहत आहेत. त्यांनी ते परदेशातल्या मित्राकडून माझ्यासाठी मागवलं. डबी हातात देताना मात्र बजावलं, "पोटात बाळ असेल तर हे औषध त्याला व्यंग आणतं. बंद केल्यावरही काही वर्षं मूल होऊ देता येत नाही. तशी काही शंका?"

"नाही," मी म्हणाले. पाळी कायमचीच अनियमित, शंका कशाला येणार?

सीताबर्डीच्या बसथांब्यावर भज्यांच्या तेलाचा वास आला आणि मला एकदम मळमळलं. मी मटकन खाली बसले. शेजारी एक खेड्यातली म्हातारी बसची वाट पाहत होती. तिने माझा खवल्यांचा हात घट्ट धरला, आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं.

"काहून वं बाई, दिवस गेले का तुले?"

"नाही मावशी. नऊ वर्षं झाली लग्नाला."

"मंग काय झालं? डॉक्टरले पुसून तर पाह्य!"

तिची बस आली, ती चढून गेली. माझीही आली, पण माझे पाय परत सदरला, डॉक्टरांकडेच वळले.

तपासणीचा निकाल पाहून डॉक्टर म्हणाले, "दिवस गेले आहेत." मग त्यांनी डबी मागून घेतली आणि कपाटात ठेवली. मी रडले. कशासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

मुलगी झाली. तिला उचलायला मी भीत होते. नर्स म्हणाली, "घ्या हो, हा रोग लागत नाही." तेव्हा मी पहिल्यांदा लेकीच्या गालाला हात लावला.

ती शाळेत जायला लागल्यावर, आणखी मूल नको असं आम्ही ठरवल्यावर, मी ते औषध घेतलं. पुष्कळ गुण आला. त्याचेही माझ्यावर उपकारच आहेत. पण त्या दिवशी ते माझ्या हातून काढून घेतलं गेलं, त्याचे उपकार त्याहून मोठे. म्हातारीचं नाव-गाव मी विचारलंही नव्हतं. ती कोण होती, यावर कुणाशी वाद घालावासा वाटत नाही. एवढंच झालं की, मागितलेलं मिळालं नाही तर जगदंबा ऐकत नाही, असा पूर्वीसारखा संशय आता येत नाही.